फी कोण भरतं?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. येताना पेढे घेऊन आला होता, पण चेहरा काही पेढ्यांचा नव्हता. मुलगी नीट परीक्षेत पात्र ठरली, म्हणून पेढे. सरकारी महाविद्यालयात जागा मिळण्याएवढे गुण नाहीत, म्हणून तो चेहरा. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. वर बर्फाच्छादित डोंगर, खाली स्टेथोस्कोप गळ्यात घातलेल्या हसऱ्या मुली. मध्य आशियातल्या एका देशातलं वैद्यकीय महाविद्यालय. इथल्या खासगी महाविद्यालयाच्या निम्म्याहून कमी खर्चात डॉक्टर. मेसमध्ये भारतीय जेवण.

"सर, तुम्ही आधी दोघांना पाठवलंत. म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, पत्रक ठेवून जा, पुढच्या रविवारी ये. तो गेल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "या वेळी जरा विचार करून सांगा." त्यांचा रोख माझ्या लक्षात आला. तो आठवडा मी विचारातच घालवला. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण स्वतः दिलेल्या सल्ल्यांचा इतिहास कधी तपासला नव्हता. तो तपासताना जे सुचलं ते आज इथे लिहून ठेवतो आहे.

आमच्या लहानपणी 'विलायतेला जाणं' म्हणजे पैशाचा चुराडा असाच अर्थ होता. आयसीएसची परीक्षा १९२२ पर्यंत फक्त लंडनमध्येच होत असे. तिथे जायचं तर घरची जमीन गहाण पडायची, नाहीतर एखादा संस्थानिक पाठीशी लागायचा. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ज्ञानकोशकार केतकर अमेरिकेत कॉर्नेलला शिकले, त्यांनाही बडोद्याचाच आधार होता. ज्यांना असा आधार नव्हता ते वर्ध्याच्या पांडुरंग खानखोज्यांसारखे. ते आधी जपान आणि मग अमेरिका गाठून, मिळेल ते काम करत शेतकीशास्त्र शिकले. (पुढे मेक्सिकोत त्यांनी शेतीत काय काम केलं ते वीणा गवाणकरांनी लिहिलं आहे, जरूर वाचा.)

या सगळ्यांना परदेश महागच पडला. तरी गेले, कारण हवं होतं ते शिक्षण इथे नव्हतं. शिक्षण इथेही आहे, पण तिकडे स्वस्त पडतं म्हणून जायचं, हा प्रकार निराळा आणि नंतरचा. त्याची एक झलक मात्र पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत दिसते. तिथे मार्क इतका घसरला की नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मिळत होते. ज्याच्या खिशात पौंड, त्याला बर्लिनमध्ये राजासारखं राहता येत होतं. पुढे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन १९२२ ते १९२६ या काळात बर्लिनमध्येच शिकत होते. बाहेरून आलेल्याला ती स्वस्ताई वाटत होती आणि त्याच वेळी जर्मन मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत मातीमोल होत होती. म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचा खर्च वाचत होता आणि तो नकळत जर्मन पेन्शनर भरत होता. वर्गात हा धडा मी कितीदा शिकवला असेल! पण त्यातलं हे गणित मला फार उशिरा कळलं.

आता माझ्याबद्दल थोडं. मी बी.ए. झालो तो सरकारच्या ई.बी.सी. सवलतीवर. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना ही सवलत सुरू झाली. आमच्या वेळी पालकांचं वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असेल तर फी माफ व्हायची. वडिलांना तलाठ्याचा दाखला आणायला दोन खेपा घालाव्या लागल्या, एवढाच काय तो माझ्या पदवीचा खर्च म्हणायचा. त्यामुळे शिक्षण म्हणजे जवळजवळ फुकट मिळणारी गोष्ट, हे माझ्या मनात पक्कं बसलं होतं. ते फुकट नव्हतं. ती फी महाराष्ट्रातले करदाते भरत होते.

वैद्यकीय शिक्षणाचंही तसंच होतं. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं. पुण्याचं बी.जे. १९४६ चं, नागपूरचं १९४७ चं. पुढे औरंगाबाद, मिरज, सोलापूर, अंबाजोगाई अशी भर पडत गेली. फी नाममात्र असायची, अडचण फक्त जागांची. लोकसंख्या वाढली, बारावी होणारी मुलं वाढली, दवाखाने अपुरे पडू लागले, पण त्या मानाने सरकारी जागा वाढल्या नाहीत. कर्नाटकात मणिपालला डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९५३ सालीच खासगी वैद्यकीय महाविद्यालय काढलं होतं. आपल्याकडे १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पाठोपाठ खासगी वैद्यकीय महाविद्यालयंही उभी राहिली. दादांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. मराठी मुलं शिकायला कर्नाटकात जातात आणि आपला पैसा तिकडे जातो, ही त्यांची खंत होती आणि ती खरीही होती. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं त्या निर्णयामुळे इंजिनिअर झाली.

पण 'डोनेशन' हा शब्द घराघरात पोहोचला तोही तेव्हाच. कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा १९८७ साली महाराष्ट्राने केला. कायद्यानं पावती बंद झाली, डोनेशन कितपत बंद झालं ते तुम्ही जाणताच. कर्नाटकात १९८९ च्या सरकारी आदेशाप्रमाणे खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेवरच्या विद्यार्थ्याला वर्षाला २ हजार, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५ हजार आणि परराज्यातल्यांना ६० हजारांपर्यंत फी होती. वर्ग एक, शिक्षक एक, आणि एकाच बाकावर बसलेल्यांची फी तीसपट वेगळी! यावरूनच मोहिनी जैन खटला उभा राहिला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन फी घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन निकालाने 'फ्री सीट' आणि 'पेमेंट सीट' अशी वाटणी आली. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने तीही मोडीत काढली. २००५ साली आपल्याच महाराष्ट्रातून गेलेल्या इनामदार खटल्याचा निकाल लागला. नफेखोरी आणि कॅपिटेशन नको, पण संस्थांना आपली फी ठरवू द्या आणि त्यावर समितीची देखरेख ठेवा, असा त्याचा साधारण आशय. या बारा-तेरा वर्षांत कायद्याची भाषा पुष्कळ बदलली. बापाला मोजावी लागणारी रक्कम मात्र वाढतच गेली.

असो. आता पहिल्या मुलाची गोष्ट.

१९८९ साल. एस.टी. कंडक्टरचा मुलगा, आमच्या शाळेचा. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीबीच्या गुणांवरच मेडिकलचा प्रवेश ठरायचा. याची सरकारी जागा थोडक्यात हुकली. एका खासगी संस्थेत चौकशी केली तर अडीच लाख सांगितले. माझा पगार तेव्हा महिना दोन हजारांच्या आसपास, त्याच्या वडिलांचा त्याहून कमी. मुलगा तीन दिवस घरात जेवला नाही, म्हणून त्याची आई माझ्याकडे आली.

त्याच सुमारास मी वर्तमानपत्रात सोव्हिएत युनियनच्या शिष्यवृत्तीची जाहिरात पाहिली होती. मॉस्कोत १९६० साली खास आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांसाठी लोकमैत्री विद्यापीठ सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याला काँगोचे मारले गेलेले नेते पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव दिलं गेलं, हे मला ठाऊक होतं. शीतयुद्धाचा तो काळ. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतली हुशार मुलं आपल्याकडे शिकावीत आणि आपले मित्र होऊन परत जावीत, अशी मॉस्कोची इच्छा होती. वॉशिंग्टनचीही होतीच. म्हणून फी नाही, वसतिगृह जवळपास फुकट, वर महिन्याला विद्यावेतन. फक्त लुमुंबामध्येच नव्हे, इतर शहरांतल्या विद्यापीठांतही परदेशी मुलांना अशा जागा असत. पहिलं वर्ष नुसती रशियन भाषा, मग सहा वर्षं वैद्यक, तेही तिथल्याच मुलांच्या बरोबर, त्यांच्याच भाषेत.

अर्ज मीच भरला. दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर मी, टायपिंग कोर्टासमोरच्या टायपिस्टाचं. निवड झाली आणि शहर मिळालं खारकीव. नकाशावर ते शोधायला शाळेतला जुना ॲटलास काढला. आईला काही केल्या पटेना. मी तिला म्हटलं, "वहिनी, तिथलं सरकार त्याला स्वतःच्या पोरासारखं शिकवणार आहे. मी जबाबदारी घेतो." जबाबदारी घेतो! चाळिशीतला मास्तर होतो मी, जग पाहिलं होतं फक्त पुस्तकात.

दोन वर्षं बरी गेली. मग डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच उरलं नाही. खारकीव एका नव्या देशात, युक्रेनमध्ये गेलं. १९९३ साली तिथे महागाई वर्षाला दहा हजार टक्क्यांवर पोहोचली होती. ज्या विद्यावेतनात पूर्वी महिना निघायचा त्यात ब्रेडही येईना. त्याच्याकडे कुणी फी मागितली नाही, हे त्या देशाचे उपकारच म्हणायचे, पण खायचं काय? त्याची पत्रं दोन-दोन महिन्यांनी यायची. "सर, आईला सांगू नका," अशी सुरुवात असायची. सुट्टीत आला की इथून सुती कपडे आणि चहा घेऊन जायचा आणि तिकडच्या बाजारात थंडीत उभा राहून विकायचा. मी शाळेतल्या सहकाऱ्यांकडून वर्गणी काढून दोनदा पैसे पाठवले. १९९६ साली पदवी घेऊन परत आला, तेव्हा पंचवीस वर्षांच्या पोराचे केस पांढरे व्हायला लागले होते. काही काळ रुग्णालयात काम केल्यावर त्याची नोंदणी झाली आणि आज तालुक्याच्या गावी त्याचा दवाखाना आहे. रोगी त्याच्यावर जीव टाकतात. माझा रक्तदाब तोच तपासतो आणि पैसे घेत नाही.

ही गोष्ट मी नंतर वर्षानुवर्षं सांगितली. निरोप समारंभात, पालक सभेत, लग्नाच्या मांडवातसुद्धा. सांगता सांगता तिच्यातलं दुःख कमी होत गेलं आणि 'कष्टाचं फळ' तेवढं उरलं. गोष्टींचं असंच होतं.

दुसरी गोष्ट २०१८ ची. माझाच एक विद्यार्थी, कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याच्या मुलीला नीटमध्ये बरे गुण होते, पण सरकारी जागेला पुरेसे नव्हते. इथल्या खासगी महाविद्यालयाचा साडेचार वर्षांचा हिशेब पाऊण कोटीच्या घरात जात होता. युक्रेनला सहा वर्षांचे सगळे मिळून पंचवीस लाखांच्या आसपास, असं एजंटने सांगितलं. शहर कोणतं? खारकीव! मला वाटलं, हा तर योगायोगच. मी लगेच डॉक्टरला फोन लावला आणि बापलेकीला त्याच्याकडे पाठवलं. तो थोडा घुटमळला होता, हे मला आता आठवतं. "सर, आता तिकडचं सगळं बदललंय," असं काहीसं म्हणाला. मी म्हटलं, "अरे, तुझ्या वेळेपेक्षा वाईट तर नाही ना?" बापाने अर्धी जमीन तारण ठेवून कर्ज काढलं आणि मुलगी गेली.

काय बदललं होतं ते इतिहासाच्या मास्तरला दिसायला हवं होतं. १९८९ चा मुलगा त्या देशाचा पाहुणा होता. एका सरकारने गुण पाहून निवडलेला आणि दुसऱ्या सरकारने आपल्या खर्चाने शिकवलेला. सोव्हिएत युनियन गेल्यावर रशियातल्या आणि युक्रेनमधल्या विद्यापीठांकडे इमारती होत्या, प्राध्यापक होते, पण पगाराला पैसे नव्हते. त्यांनी परदेशी मुलांकडून डॉलरमध्ये फी घ्यायला सुरुवात केली. २०१८ ची मुलगी पाहुणी नव्हती, गिऱ्हाईक होती. यात त्या विद्यापीठांचंही फारसं चुकलं असं मी म्हणणार नाही, पोट कुणाला सुटलंय? पण गिऱ्हाईक म्हटलं की त्याच्या सोयीचं पाहायचं. एक वर्ष भाषा शिकण्यात घालवायला कोण तयार होईल? म्हणून इंग्रजी माध्यमाचे वेगळे वर्ग निघाले. पालकांनाही तेच बरं वाटलं.

डॉक्टरने मला नंतर समजावून सांगितलं. वर्गात इंग्रजी चालेल, पण वॉर्डात पडलेली म्हातारी तर युक्रेनियन नाहीतर रशियनच बोलणार. दुखतंय कुठे, कधीपासून, रात्री जास्त की सकाळी, हे विचारता आलं नाही तर डॉक्टरकी शिकायची कशी? तो एक वर्ष भाषा शिकून गेला होता, म्हणून रोग्यांच्या खाटेपाशी बसून शिकला. नंतरची बरीच मुलं प्राध्यापकाच्या मागे उभी राहून शिकली. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्यांना २००२ पासून आपल्याकडे चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीनशे गुणांची, दीडशेला उत्तीर्ण, वर्षातून दोनदा. तिचा निकाल बरीच वर्षं वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली राहिला आहे. मुलं मठ्ठ असतात म्हणून असं होतं, हे सोपं उत्तर झालं. ज्या रोग्यांशी बोलताच आलं नाही, त्यांच्यावर शिकलेलं किती टिकणार? आणि २०२१ च्या आपल्या नियमात तर शिक्षण इंग्रजीतूनच हवं, असं लिहिलं आहे! त्याला कारणं असतील, पण रोग्याची भाषा हा प्रश्न तसाच राहतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. तेव्हा आपली अठरा-वीस हजार मुलं तिथे शिकत होती. आमची ही मुलगी चौथ्या वर्षाला होती. पाच रात्री तिने मेट्रो स्टेशनात काढल्या. १ मार्चला कर्नाटकातल्या एका विद्यार्थ्याचा खारकीवमध्येच मृत्यू झाला. त्या रात्री तिचा बाप माझ्या ओसरीवर बसून होता. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी दूतावासाने सांगितलं, मिळेल त्या मार्गाने, चालत का होईना, संध्याकाळच्या आत खारकीव सोडा. जवळात जवळचं ठिकाण अकरा किलोमीटरवर. पोरं बर्फातून चालत निघाली. ऑपरेशन गंगामधून सुमारे साडेबावीस हजार लोक परत आले, त्यात तीही आली. मी भेटायला गेलो तर तिने वाकून नमस्कार केला. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचीही लाज वाटली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, या मुलांना इथल्या महाविद्यालयांत सामावून घेता येणार नाही. ही मुलं बाहेर गेली होती ती एक तर नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून, नाहीतर तिकडचं शिक्षण परवडतं म्हणून, असंही त्यात म्हटलं होतं. मला ते वाक्य लागलं. नंतर वाटलं, खोटं काय आहे त्यात? पण 'परवडतं म्हणून' हा जणू गुन्हा असल्यासारखं ते आलं होतं. परवडणारं शिक्षण इथे असतं तर कोण कशाला आपली पोर हजारो किलोमीटरवर पाठवेल? कमी गुणांचं म्हणाल, तर तेवढ्याच किंवा त्याहून कमी गुणांवर इथल्या खासगी महाविद्यालयात बसलेली मुलं मी दाखवू शकतो. त्यांच्या बापाकडे पाऊण कोटी होते.

मुलीचं पुढे बरंवाईट झालं ते सांगून टाकतो. काही महिने मोबाईलवर शिकली. (शरीरशास्त्र मोबाईलवर!) मग नव्या सवलतीत जॉर्जियामध्ये जाऊन उरलेलं पूर्ण केलं. तिथे वेगळा खर्च, आणि २०१८ मध्ये सत्तरच्या आसपास असलेला डॉलर २०२४ पर्यंत त्र्याऐंशीच्या वर गेलेला. (१९६६ च्या जूनमध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा डॉलर एका रात्रीत ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला होता. परदेशात शिकणाऱ्यांच्या घरी तेव्हाही हीच रड असणार.) चाळणी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. सध्या इंटर्नशिप करते आहे. म्हणजे होईल डॉक्टर. पण पंचवीस लाखांचे पस्तीसवर गेले, जमीन अजून बँकेकडेच आहे आणि रात्री फटाके वाजले की ती उठून बसते.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असंही नाही. अमेरिकेतली मुलंसुद्धा तिथल्या फीला आणि कर्जाला कंटाळून जर्मनीत शिकायला जातात. जर्मनीतल्या सगळ्या राज्यांनी २०१४ पर्यंत सरकारी विद्यापीठांतली फी काढून टाकली होती, परदेशी मुलांसाठीसुद्धा. पण बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सहामाहीला दीड हजार युरो लावले. स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये बाहेरच्यांसाठी फुकट शिक्षणाचा दरवाजा बंद केला. त्यांच्या करदात्यांनी विचारलं असणार, ही फी आम्ही का भरायची? प्रश्न बरोबरच आहे.

आणि आपणही कधी यजमान होतोच की. सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्यात इराणी, अरब आणि आफ्रिकी मुलं किती दिसायची! त्यांना भारत स्वस्त पडायचा. त्यांच्या एकटेपणाची हालत पाहून डॉ. मुजुमदारांनी १९७१ साली सिंबायोसिस काढली, हे सर्वश्रुत आहे. त्या मुलांकडे मी फर्ग्युसन रस्त्यावर कुतूहलाने बघायचो. त्यांच्याही मागे कुठेतरी तारण ठेवलेली जमीन आणि कुणीतरी 'जबाबदारी' घेतलेली असेल, हे तेव्हा मनात आलं नाही.

तर मंडळी, दूध संस्थेचा सचिव ठरल्याप्रमाणे पुढच्या रविवारी आला. सोबत मुलगीही होती. मी त्याला 'पाठव' म्हटलं नाही आणि 'पाठवू नको' असंही म्हटलं नाही. देशात २०१४ मध्ये एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, दहा वर्षांत त्या लाखाच्या वर गेल्या. पण २०२४ च्या नीटला तेवीस लाखांवर मुलं बसली. वाढलेल्या जागांतल्या निम्म्याच्या आसपास खासगी, म्हणजे याच्या आवाक्याबाहेरच्या. अशा वेळी घरात पेन्शन खाणाऱ्या माणसाने 'जाऊ नको' म्हणणं सोपं असतं.

मी मुलीपुढे एक वही ठेवली आणि प्रश्न लिहून घ्यायला सांगितले. तिथे तुझी खरी फी किती आणि ती कमी असेल तर का, उरलेली कोण भरतं? फी डॉलरमध्ये की तिथल्या पैशात? रुपया घसरला तर बाबा कुठून आणणार? त्या वॉर्डातल्या रोग्याची भाषा तू कधी आणि कुणाकडून शिकणार? त्या महाविद्यालयातली किती मुलं इथली परीक्षा पहिल्या खेपेत पास झाली? (हे एजंटला विचारू नये, पास झालेल्यांना आणि नापास झालेल्यांनाही विचारावं.) आणि शेवटचा, उद्या तिथे काही घडलं तर परत घ्यायला इथे कोण तयार आहे? २०२२ मध्ये विमान पाठवलं गेलं, वर्गात जागा दिली गेली नाही, हे विसरू नये.

मुलीने सगळं नीट लिहून घेतलं. अक्षर छान आहे तिचं. मग तिने मान वर करून विचारलं, "आजोबा, हेच प्रश्न इथल्या खासगी कॉलेजबद्दल पण विचारायचे का?"

मी म्हटलं, "विचार, बाळ. सगळ्यात आधी तिथेच विचार."

मग मी त्या दोघांना दोन पत्ते दिले, एक डॉक्टरचा आणि एक त्या इंटर्नशिप करणाऱ्या मुलीचा. म्हटलं, मला विचारण्याआधी यांना विचारा, दोघांनाही विचारा, आणि दोघं वेगवेगळं सांगतील तेव्हा घाबरू नका. अजून त्यांचा निर्णय झालेला नाही. माहितीपत्रक आमच्या टेबलावरच आहे. ते परत न्यायला आला की कळेल काय ठरलं ते.